मोठ्या बाईंवर धरलेला डूख

पार्लरवालीला राग चटकन येत नसे. आला की मात्र तो मुक्कामालाच येई. तिच्या लग्नात तिची नणंद चारचौघांत म्हणाली होती, केस कापणारी मुलगी आमच्या घरात कशाला आणताय. पार्लरवाली तेव्हा नुसती हसली आणि त्यानंतर बारा वर्षं ती नणंदेच्या घराची पायरी चढली नाही. नवरा ट्रक घेऊन लांब लांबच्या रस्त्यांवर असायचा. घरी आला की समजूत घालायचा, अगं, ती बोलून जाते, तिच्या मनात काही नसतं. ही म्हणायची, "तिच्या मनात नसेल. माझ्या आहे."

पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, भिंतभर आरसा, एक गोल फिरणारी खुर्ची आणि दुसरी रेक्झिन फाटल्यावर चिकटपट्टी लावलेली. कोपऱ्यात डाय कालवायच्या वाट्या. आत घरात जायच्या दाराला जाड पडदा. गावातल्या निम्म्या बायका त्या फिरत्या खुर्चीत बसून गेल्या होत्या. डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेली बाई जे बोलते ते तिच्या नवऱ्यालाही माहीत नसतं. पार्लरवाली ऐकायची आणि पोटात ठेवायची, त्यामुळेच तिचा धंदा चालायचा.

मोठ्या बाईही तिच्याकडेच यायच्या. मोठ्या बाई म्हणजे गावातल्या एकुलत्या एक शाळेच्या मुख्याध्यापिका. केस दाट, आखूड, मानेवर पट्टी ठेवून आखावेत तसे सरळ कापलेले. मुलं लांबूनच त्या केसांना ओळखून पळायची. त्यांना तसे केस पार्लरवालीनेच दिले होते.

तिची मुलगी त्याच शाळेत पाचवीत होती. पोरीचा पाय घरात ठरत नसे म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले. भिंगरी बोलताना अडखळायची. ‘प’ आला की तिची गाडी रुतायचीच. आईला ते बघवत नसे. पोरीने ‘प’ म्हटलं की आई ‘पाणी’ म्हणून मोकळी व्हायची आणि पेला पुढे करायची. पोरीला बहुतेक वेळा पेन्सिल हवी असायची.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात वर्गशिक्षिकेने भिंगरीला स्वागताची चार वाक्यं दिली. पोरगी महिनाभर पार्लरच्या आरशासमोर उभी राहून तीच चार वाक्यं म्हणत होती. गिऱ्हाइकं डोक्याला डाय लावून बसलेली असायची आणि ही कंगव्याचा माईक करून पाहुण्यांचं स्वागत करायची. आरशासमोर तिला सगळं नीट जमायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पार्लरवाली मधल्या रांगेत बसली होती. भिंगरी माईकपाशी आली, पहिलं वाक्य झालं, दुसरंही झालं. तिसऱ्यात ‘प्रमुख पाहुणे’ होते. ती तिथे अडकली. ओठ मिटले ते उघडेनात. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या, पोरीच्या हातातून माईक घेतला आणि हसत हसत म्हणाल्या, "प-प-पाहुण्यांना प-प-परत जायचंय बाळ, बस आता."

सगळा हॉल हसला. प्रमुख पाहुणेही हसले. पार्लरवालीच्या शेजारी बसलेली बाईही हसली आणि मग चटकन तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघू लागली. त्या बाईच्या भुवया पार्लरवालीने आदल्याच दिवशी कोरल्या होत्या.

भिंगरी चुकीच्या बाजूच्या पायऱ्या उतरून गेली. आईला ती सापडली ती मोडके बाक ठेवायच्या खोलीत. रडत नव्हती. बाकाच्या फळीवरचा खिळा नखाने उकरत होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव ‘पपई’ पडलं. आठवडाभरात ती वर्गात तोंड उघडेनाशी झाली, महिन्याभरात सकाळी दप्तर भरेनाशी. पार्लरवाली मोठ्या बाईंना भेटायला गेली. त्या सह्या करत होत्या. मान वर न करताच त्यांनी सांगितलं की गंमत होती, कार्यक्रमाला उशीर होत होता आणि मुलीने जरा घट्ट व्हायला हवं.

"गंमत तुमची झाली," पार्लरवाली म्हणाली. "शाळा तिची सुटायची वेळ आली."

"मग घ्या ना काढून. दुसरीकडे कोण डोक्यावर बसवून घेतंय तिला, ते बघू या."

पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. तिने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो मिळायला तिला खेटे घालावे लागले. कधी शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली गायब, कधी बाईच जागेवर नाहीत. अखेर दाखला हातात पडला त्या दिवशी मोठ्या बाई शिपायाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की चला, आपल्या निकालावरचं एक ओझं कमी झालं.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना पार्लरवालीने मागे वळून ती इमारत नीट बघून घेतली. दुमजली, पिवळी, वर लोखंडी कठडा. पोरीला तर मी नेणारच, ती मनाशी म्हणाली, पण हिची शाळाही ओस पाडीन.

आसपासच्या शाळांनी वर्ष अर्धं झाल्याचं कारण सांगून हात वर केले. दाखला नेणाऱ्या प्रत्येक मुलामागे जायचा तसा त्या प्रत्येक ठिकाणी मोठ्या बाईंचा फोन आधीच पोचला होता, हे तिला कळलं ते एका शिक्षिकेकडून, तिच्याच फिरत्या खुर्चीत. मोठ्या बाईंचा शब्द चालत नव्हता तो नदीपलीकडे. तिथून दुसरा जिल्हा लागायचा. पलीकडच्या गावात मोठी सरकारी शाळा होती आणि तिथल्या कारकुनाने सरळ सांगितलं, जागा आहे, पण मध्येच प्रवेश हवा तर मुलगी याच जिल्ह्यात राहायला हवी. कुणी आहे का तुमचं इकडे?

होतं. नणंद होती.

नणंद चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि त्याच दुकानाच्या वर दोन खोल्यांत एकटी राहायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. पार्लरवाली पोरीचा हात धरून तो अरुंद जिना चढली तेव्हा तिला प्रत्येक पायरी घशात टोचत होती. नणंदेने दार उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

"वन्सं, तुमच्याकडे काम आहे," पार्लरवाली उभ्यानेच म्हणाली.

"बारा वर्षांनी आलीस. आधी बस तरी."

पार्लरवालीने सगळं सांगितलं. सांगता सांगता मोठ्या बाईंची ती ‘प-प-पाहुण्यांना’ नक्कलही करून दाखवली, कारण त्याशिवाय कुणाला समजणार कसं? ऐकून झाल्यावर नणंदेने भिंगरीला विचारलं, तुला राहायचंय का इथे?

"प… प…"

"पण घरी कधी यायचं, असं विचारतेय ती," आई म्हणाली.

नणंदेने नुसता हात वर केला. "तिला बोलू दे."

खाली दुकानाचं शटर कुणीतरी ओढलं. मग भिंगरी म्हणाली, "प-पलंग खिडकीजवळ हवा."

"खिडकीजवळच आहे," नणंद म्हणाली.

प्रवेश झाला. भिंगरी आत्याकडे राहायला गेली, शनिवारी बसने घरी यायची आणि रविवारी परतायची. पार्लरवालीचं घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी ती दोन ताटं घ्यायची आणि एक परत ठेवायची. त्या रिकाम्या ताटाचा रागही तिने मोठ्या बाईंच्याच नावावर मांडला आणि कामाला लागली.

कामाला म्हणजे कात्रीनेच. मोठ्या बाई आता तिच्याकडे येत नव्हत्या, पण त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या आया येतच होत्या. आई खुर्चीत बसली, अंगावर कापड आलं, मानेवर पाण्याचा फवारा मारला की पार्लरवाली सहज विचारायची, तुमच्या मुलाचं कसं चाललंय शाळेत? मोठ्या बाई काही बोलल्या का त्याला? आणि मग भिंगरीची गोष्ट सांगायची. कंगवा तोंडापाशी धरून अगदी हुबेहूब करून दाखवायची, "प-प-पाहुण्यांना प-प-परत जायचंय." बायकांच्या अंगावर काटा यायचा. काहींना हसू यायचं, ते आरशात दिसायचं, मग त्या लाजायच्या आणि लाजलेली बाई जास्तच बोलायची.

निघायला लागलं तेव्हा खूप निघालं. एका जाड्या मुलाला मोठ्या बाई वर्गात ‘दोन बाकांचा मालक’ म्हणायच्या. एका मुलीचे मोजे रफू केलेले म्हणून तिला प्रार्थनेच्या वेळी मागे उभं केलं होतं. ज्याला त्याला नाव ठेवलेलं आणि प्रत्येक आईला वाटायचं की आपल्याच पोराची चूक असेल. पार्लरवाली एकीचं दुसरीला सांगायची. बायका एकमेकींना रस्त्यात भेटायच्या तेव्हा बोलायला विषय तयार असायचा.

एवढं सगळं खरं होतं. एक गोष्ट मात्र तिने पदरची घातली. मार्च महिन्यात, दातांत क्लिपा धरून एका बाईचे केस वर बांधताना ती पुटपुटली, पुढच्या वर्षी शाळाच बंद होणार आहे म्हणतात. कोण म्हणतं, ते त्या बाईने विचारलं नाही. चार दिवसांनी तीच बातमी दुसऱ्या एका बाईने पार्लरवालीला सांगितली, कुणाला सांगू नका असं बजावून. पार्लरवालीने डोळे मोठे केले आणि विचारलं, काय सांगता?

त्या रात्री तिला शांत झोप लागली.

नव्या शालेय वर्षापासून नदीपलीकडच्या शाळेने नवा मजला उघडला आणि बाहेरच्या मुलांनाही जागा दिल्या. मग काय, बांध फुटावा तसं झालं. दाखले मागायला मोठ्या बाईंच्या दारात रांग लागली. एका बसवाल्याने सकाळची फेरी सुरू केली. बस पार्लरच्या समोरच्याच कोपऱ्यावर थांबायची. पहिल्या दिवशी पार्लरवाली झाडू हातात घेऊन काचेच्या दारात उभी राहिली आणि निळ्या गणवेशातली पोरं चढताना बघत राहिली. जाडा मुलगा चढला, मोजेवाली चढली. दार लागलं, बस हलली आणि तिला असं वाटलं की आपण एकटीने ती दुमजली इमारत हाताने ढकलून कलती केली आहे.

आता भिंगरीलाही आत्याकडे राहायची गरज नव्हती. बस दारातून जात होती. पण भिंगरी म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, सर्दी आहे. शनिवारी घरी येणं तर तिने त्याआधीच बंद केलं होतं. एका शनिवारी ती यायची होती, पार्लरमध्ये गर्दी होती आणि संध्याकाळपर्यंत ती आलीच नाही. नणंदेचा फोन आला की पोरगी अर्ध्या वाटेवरून परतली, पोटात दुखतंय म्हणते. त्यानंतर पार्लरवालीच रविवारी दुपारी दुकान बंद करून जायला लागली. अभ्यास असतो, तिने स्वतःला सांगितलं. तिचं डोकं तेव्हा दुसरीकडेच होतं.

गावातल्या शाळेत प्रत्येक इयत्तेची एक तुकडी बंद झाली. वरून अधिकारी आले, रिकाम्या वर्गांची दारं उघडून बघून गेले. मोठ्या बाईंना जाब विचारला गेला, आणि पावसाळा संपायच्या आत त्यांची लांबच्या एका खेड्यातल्या शाळेत बदली झाली. मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, साधी शिक्षिका म्हणून.

जायच्या आदल्या दुपारी त्या पार्लरमध्ये आल्या.

आत दुसरं कुणी नव्हतं. केस वाढले होते, कुठल्यातरी नवख्या हाताने मध्येच कापलेले. त्या फिरत्या खुर्चीत बसल्या आणि आरशातून बघत म्हणाल्या, "नव्या ठिकाणी जरा नीट जावं म्हटलं. तुमच्यासारखा हात इथे कुणाचा नाही."

पार्लरवालीने कापड झटकलं आणि त्यांच्या गळ्याशी बांधलं. ही खुर्ची, ही मान आणि आपल्या हातात कात्री, हे चित्र तिने वर्षभर कितीदा मनात रंगवलं होतं. "मी काय केलंय ते तुम्हाला माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"माहीत आहे. सगळं इथूनच झालं, हे मला केव्हाच कळलं. का केलंत ते नाही कळलं."

पार्लरवालीचा हात थांबला. मग तिने सांगितलं. कार्यक्रम, माईक, प-प-पाहुण्यांना. मोठ्या बाई ऐकत होत्या. कपाळाला आठ्या घालून त्या खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होत्या आणि पार्लरवालीला तेच सोसवत नव्हतं. त्या नाटक करत असत्या तर बरं झालं असतं.

"केलं असेल मी," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "दाखल्यासाठी तुम्ही खेटे घातलेत ते आठवतं, कशावरून ते नाही. मी सगळ्यांच्याच नकला करायचे. मुलं हसायची. कोणती हो तुमची मुलगी? दोन वेण्या घालायची ती का?"

भिंगरीने जन्मात वेण्या घातल्या नव्हत्या. आईच्या दुकानामुळे तिचे केस कायम आखूडच असत.

"ती नाही," पार्लरवाली म्हणाली. "मान खाली घ्या."

तिने पुढचे केस असे कापले की तसे तिने आयुष्यात कुणाचे कापले नसतील. कपाळावर, कानांवर, गालांच्या बाजूला एकेक केस जागच्या जागी. मग ती मागे गेली. मागे तिने उजवीकडून डावीकडे तिरपी कात्री घातली, मधोमध मुठीएवढा झुबका अगदी मुळाशी कापला आणि डावीकडे एक शेपटी तशीच लोंबती ठेवली. मागचं दाखवायला हातातला आरसा असतो, तो तिने खणातून काढलाच नाही. मोठ्या बाईंनी समोर बघितलं, मान डावीउजवीकडे वळवली, समाधानाने आभार मानले आणि उठल्या. भर बाजारातून, शाळेच्या फाटकावरून, सगळ्यांच्या देखत त्या घरी गेल्या. पार्लरवाली काचेच्या दारात उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत त्यांची पाठ बघत होती. मग तिने जमिनीवरचे केस गोळा केले. मन असं हलकं झालं होतं की तिला गाणंच सुचत होतं.

रविवारी ती नाचतच जिना चढली. भिंगरी खिडकीजवळच्या पलंगावर मांडी घालून बसली होती. नणंद इस्त्री करत होती. पार्लरवालीने सगळं रंगवून सांगितलं. मुठीएवढा झुबका, लोंबती शेपटी. नणंदेला हसू आवरेना, तिने इस्त्री बाजूला उभी केली. भिंगरीही हसली, तोंड दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने विचारलं, "झ-झालं ना आता?"

"झालं. उट्टं निघालं सगळं. आता तू घरी चल."

भिंगरीने मान हलवली. नाही म्हणून.

"का गं? बाई गेल्या. बस दारात थांबते. आता तुला काय—"

"प…"

आईच्या ओठांवर शब्द आला होता. नणंदेकडे पाहून तिने तो गिळला. बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली, "पार्लरमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी त्या शनिवारी आले होते. काचेच्या दारापाशी. तू क-कंगवा धरून करत होतीस. प-प-पाहुण्यांना." ती थांबली, पण अडखळून नव्हे. "बाईंनी एकदाच केलं होतं. तू रोज करतेस. त्या खुर्चीतली बाई हसत होती. आत्याने मला विचारलं, आईला सांगू का? मी म्हटलं, मी सांगेन."

पार्लरवालीला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, वर्षभराचा. कुणावर तरी उसळावं म्हणून तिने मान वर केली तेव्हा समोर फक्त नणंद होती. ती चादरीची घडी घालत होती आणि तिच्यावर उसळायला काही जागा नव्हती.

"मी तुझ्यासाठी केलं," पार्लरवाली म्हणाली.

"हो," भिंगरी म्हणाली. आईला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल किंवा खरंच तसं वाटत असेल.

भिंगरी दहावीपर्यंत आत्याकडेच राहिली. पार्लरवाली दर रविवारी गेली. पार्लरमध्ये तिने ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही. एखादी नवी बाई खुर्चीत बसल्या बसल्या विचारायची, अहो, तुमच्या मुलीची कुणीतरी नक्कल केली होती म्हणे? पार्लरवाली तिच्या मानेवर जरा जास्तच पाणी मारायची आणि मान खाली घ्यायला सांगायची. गावातल्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, काही मुलं परतलीही. शाळा बंद होणार ही बातमी कुठून उठली ते कुणाला कधीच कळलं नाही.

मोठ्या बाई त्या खेड्यात रुळल्या, असं कुणीतरी सांगत आलं. मागचे केस भरून यायला बरेच महिने लागले म्हणे, तोवर त्या डोक्याला रुमाल बांधून शाळेत जायच्या. पार्लरवालीने ऐकून घेतलं आणि कात्रीची धार बोटाने चाचपली. पोरीच्या बाबतीत आपलं काय चुकलं ते तिला पुरतं कळलं होतं आणि एखाद्या रविवारी, बसने परतताना, तिला ते टोचायचंही. त्या केसांचं मात्र तिला कधी वाईट वाटलं नाही.